फुटेज कुणाकडे राहणार?

जाताना चोरट्यांनी सीसीटीव्हीचा डीव्हीआरही लंपास केला. जिल्हा पानावरच्या घरफोडीच्या बातमीत हे वाक्य इतक्यांदा येते की वाचणारा त्यावर थांबतही नाही. थांबायला हवे, कारण या प्रकरणाचा अर्धा विषय त्यात आला आहे. दुकानदाराने आठ कॅमेरे बसवले, कोणता कुठे लावायचा यावर दोन दिवस घातले आणि आठही कॅमेऱ्यांनी पाहिलेले ज्यात साठते तो डबा गल्ल्याशेजारी टीव्हीखालच्या फळीवर उघडा ठेवला. कॅमेरा फक्त पाहतो, लक्षात ठेवण्याचे काम दुसरीकडे होते, हे मालकापेक्षा चोराला नीट कळलेले असते.

असे काही घडले की लोक क्लाउडकडे वळतात. रेकॉर्डिंग दुकानात नसेलच तर चोर नेणार काय? युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण आधी थोडे गणित मांडू, कारण या विषयात भावना बऱ्याच पुढे धावतात.

पुण्याच्या उपनगरातली चार विंगची, १६ कॅमेऱ्यांची एक सोसायटी धरू. हल्लीच्या एच.२६५ या पद्धतीने चित्र दाबून साठवले तर फुल एचडी कॅमेऱ्याला सेकंदाला साधारण २ मेगाबिट लागतात. जुन्या एच.२६४ला जवळपास दुप्पट. २ मेगाबिट धरले तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी होतात, १६ कॅमेऱ्यांचे सुमारे ३४६ जीबी आणि महिन्याचे साडेदहा टेराबाइटच्या आसपास. एवढे सामावणारी, चोवीस तास लिहीत राहण्यासाठी बनवलेली खास सर्व्हिलन्स हार्ड डिस्क बाजारात मिळते. महिना भरला की यंत्र सर्वांत जुने रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवे लिहू लागते. ‘बॅकअप किती दिवसांचा?’ असे जे कमिटीच्या बैठकीत विचारतात, ते या पुसण्याच्या चक्राबद्दल असते. खऱ्या अर्थाने तो बॅकअप नव्हेच. ती एकमेव प्रत असते.

आता हेच साडेदहा टेराबाइट बाहेर पाठवायचे ठरवा. १६ कॅमेऱ्यांसाठी सेकंदाला ३२ मेगाबिटचा प्रवाह सोसायटीतून बाहेर जात राहिला पाहिजे, रात्रंदिवस, एक क्षण न थांबता. फायबर जोडणीचा वेग तेवढा असतो, अडचण पुढे येते. घरगुती ‘अनलिमिटेड’ योजनांत बारीक अक्षरांत एक मर्यादा असते. ती बहुधा महिन्याला ३,३०० जीबी असते आणि ती ओलांडली की वेग खाली येतो. आपला एक कॅमेरा महिन्याला ६४८ जीबी घेतो. म्हणजे पाच कॅमेऱ्यांतच मर्यादा संपली. रहिवाशांनी काही पाहायचे-ऐकायचे ते वेगळेच. भाड्याचेही तसेच. मोठ्या क्लाउड कंपन्यांचा साध्या साठवणुकीचा दर जीबीमागे महिन्याला दोन-अडीच सेंट आहे. साडेदहा टेराबाइटचे महिन्याला वीस हजार रुपयांच्या घरात जातात आणि दर महिन्याला जात राहतात. काही महिन्यांच्या भाड्यात तेवढी डिस्क विकत येते.

मग जाहिरातीतला ‘कॅमेऱ्यामागे महिना अमुक रुपये’ हा आकडा इतका कमी कसा? कारण सगळे साठवलेच जात नाही. हालचाल झाली की दहा-वीस सेकंदांची क्लिप वर जाते, एरवी काही नाही. चित्राचा दर्जा उतरवलेला असतो आणि साठवणूक सात किंवा चौदा दिवसांचीच असते. यात फसवणूक काही नाही. रिकाम्या जिन्याचे आठ तास कुणाला हवेत? पण हालचाल कशाला म्हणायचे हे सॉफ्टवेअर ठरवते. पावसात हलणाऱ्या फांदीच्या चारशे क्लिपा जमतात आणि कॅमेऱ्याच्या कडेने, भिंतीला लागून गेलेला माणूस कधीकधी त्यात नसतो. विकत घेताना हे विचारणारा ग्राहक क्वचितच असतो.

जागेवरच्या व्यवस्थेचे दुखणे वेगळ्या जातीचे आहे. ती गुपचूप मरते. डिस्क बिघडते, पण समोरच्या पडद्यावर सोळा चौकोन तसेच हलत असतात, कारण थेट चित्राला डिस्क लागत नाही. वॉचमन पाहतो, सेक्रेटरी पाहतात, सगळे छान चालले आहे. चार महिन्यांनी पार्किंगमधून दुचाकी जाते, फुटेज काढायला बसतात आणि कळते की गणपतीनंतर काही लिहिलेच गेलेले नाही. घड्याळही असेच. वीज जात-येत राहते, आतली बारीक बॅटरी संपते आणि यंत्राची वेळ पंचवीस मिनिटे मागे पडते. आरोपी म्हणतो, त्या वेळी मी दुसरीकडे होतो. फुटेजवरच्या वेळेप्रमाणे तो खरेही बोलत असतो. यंत्राला इंटरनेटवरून वेळ जुळवून घ्यायला सांगणे हे दोन मिनिटांचे काम आहे, पण वार्षिक देखभालीच्या कराराच्या (एएमसी) कागदावर ते कुठे लिहिलेले नसते. क्लाउडवाल्यांची बाजू इथे निर्विवाद उजवी आहे. कॅमेरा बंद पडला तर तासाभरात मोबाइलवर संदेश येतो, घड्याळ कधी चुकत नाही आणि डिस्क मेली तर ती बदलणे ही त्यांची डोकेदुखी.

पण क्लाउड म्हणजे आकाशात काही नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपली डेटा सेंटरे सुरू केली. इमारती, जनरेटर, वातानुकूलन आणि दारावर पहारेकरी. अशा इमारतींना आगही लागते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएचक्लाउड या कंपनीची पाच मजली इमारत जळून गेली. ज्या ग्राहकांनी आपली दुसरी प्रतही त्याच इमारतीत ठेवली होती, त्यांच्याकडे काही उरले नाही.

त्याच महिन्यात अमेरिकेत आणखी मोठा धडा मिळाला. व्हर्काडा ही कंपनी शाळा, रुग्णालये, तुरुंग, कारखाने यांना क्लाउडवर चालणारे कॅमेरे पुरवते. तिच्या एका सर्वाधिकार असलेल्या खात्याचा पासवर्ड इंटरनेटवर उघडा सापडला आणि काही हॅकर सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांतून पाहू लागले. त्यांत टेस्लाचे कारखाने होते, रुग्णालयातल्या खोल्या होत्या, तुरुंगातल्या कोठड्या होत्या. दीड लाख ठिकाणी कुणी भिंत चढले नाही, एका किल्लीने काम झाले. जागेवरच्या डीव्हीआरची सुरक्षा कितीही गचाळ असो, तो फुटला तर एक सोसायटी उघडी पडते. क्लाउडची सुरक्षा सरासरीने कितीतरी चांगली असते, पण ती फुटते तेव्हा गावे उघडी पडतात. या दोन प्रकारच्या धोक्यांची बेरीज-वजाबाकी करून एक उत्तर काढता येत नाही. आपल्याला कोणत्या धोक्याची भीती जास्त वाटते, एवढेच ठरवता येते.

आणि किल्ली चोराच्याच हातात असते असेही नाही. ॲमेझॉनच्या मालकीच्या रिंग या कंपनीने २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी ५८ लाख डॉलरची तडजोड केली. आरोप असा होता की कंपनीचे कर्मचारी आणि कंत्राटदार ग्राहकांच्या घरातली चित्रे पाहू शकत होते आणि एका कर्मचाऱ्याने २०१७ मध्ये महिलांच्या घरांतली हजारो रेकॉर्डिंग अनेक महिने पाहिली होती. वाइझ कंपनीचे प्रकरण फेब्रुवारी २०२४ चे. सेवा काही तास बंद पडून पुन्हा सुरू झाली तेव्हा सुमारे १३ हजार ग्राहकांच्या ॲपमध्ये दुसऱ्यांच्याच घरांची चित्रे दिसू लागली. शिवाय कंपनीला उत्पादनाचा कंटाळाही येतो. ड्रॉपकॅम हे एकेकाळचे लाडके कॅमेरे गूगलने ८ एप्रिल २०२४ पासून बंद केले. वस्तू धडधाकट होती, तिच्यामागचा सर्व्हर काढून घेतला.

आता मधला प्रकार. भारतात बहुतेक ठिकाणी खरे तर तोच आहे, आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. डीव्हीआर सोसायटीच्या कचेरीत आहे, रेकॉर्डिंग तिथेच होते. पण बसवणारा मुलगा जाता जाता सेक्रेटरींच्या मोबाइलवर एक ॲप टाकून देतो, डब्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करतो, आणि सेक्रेटरी गावाहूनही गेट पाहू शकतात. सगळे खूश. हे कसे झाले? डीव्हीआरने उत्पादक कंपनीच्या सर्व्हरशी कायमचा संपर्क ठेवला आहे, तो सर्व्हर मोबाइलची आणि डीव्हीआरची गाठ घालून देतो. जमले नाही तर चित्रच त्याच्यातून जाते. ‘आमचे सगळे इथेच आहे’ असे सांगणाऱ्या कमिटीचे दार असे मागून उघडे असते. यात गैर काही नाही, पण आपण काय स्वीकारले हे ठाऊक असावे.

याहून वाईट जुनी पद्धत होती, अजूनही आहे. राउटरमध्ये एक पोर्ट उघडून डीव्हीआर थेट इंटरनेटवर ठेवायचा आणि पासवर्ड कारखान्यातून आलेला तसाच. २०१६ मध्ये मिराय नावाच्या प्रोग्रॅमने असेच डीव्हीआर आणि कॅमेरे शोधून ताब्यात घेतले. त्याच्याकडे साठेक ठरावीक नाव-पासवर्डांची यादी होती, बस. त्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या कंपनीवर हल्ला चढवला आणि अमेरिकेच्या मोठ्या भागात ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही काळ ठप्प झाल्या. ज्यांचे डीव्हीआर त्यात सामील होते, त्या दुकानदारांना बहुधा कधीच कळले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या महिला रुग्णांची चित्रे समाजमाध्यमांवर विक्रीला आली, तेव्हा मात्र देशाला कळले. त्या तपासात महाराष्ट्रातूनही काहींना अटक झाली. तपासणी खोलीत कॅमेरा लावलाच का, हा पहिला प्रश्न. साठवणूक कुठे, हा त्यानंतरचा. कॅमेऱ्यांची सुरक्षा चाचणी प्रयोगशाळेतून करून घेण्याची केंद्राची सक्ती एप्रिल २०२५ पासून लागू झाली. नव्या मालाचा दर्जा त्याने सुधारेल, भिंतीवर आधीच असलेल्या लाखो कॅमेऱ्यांचे काय, हे ज्याचे त्याने पाहायचे.

इथवर सुरक्षा आणि पैसा झाला. फुटेजची खरी परीक्षा मात्र न्यायालयात होते, आणि त्या बाबतीत देशाला दिशा देणारा खटला मराठवाड्यातून गेला आहे.

२०१४ ची विधानसभा निवडणूक, जालना मतदारसंघ. शिवसेनेचे अर्जुन खोतकर काँग्रेसचे कैलास गोरंट्याल यांच्यावर २९६ मतांनी निवडून आले. गोरंट्याल यांचे म्हणणे असे की खोतकरांचा अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झाला. पुरावा? निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आणि बाहेर आयोगाच्याच व्यवस्थेतून झालेले चित्रीकरण. त्यात कोण किती वाजता आले हे दिसत होते. पण अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत त्या वेळच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब प्रमाणे एक प्रमाणपत्र लागे. ही नोंद अमुक यंत्रातून, त्याचा नेहमीचा वापर चालू असताना निघाली, असे त्या यंत्राची जबाबदारी असलेल्या माणसाने सही करून सांगायचे. ते प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तरीही ते चित्रीकरण विचारात घेऊन २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० च्या निकालात न्या. नरिमन यांच्या पीठाने सांगितले की प्रमाणपत्र सक्तीचेच आहे. मात्र मागणाऱ्याने आपल्या हातचे सगळे केले आणि समोरचा देतच नसेल, तर अशक्य गोष्ट करून दाखवा असे कायदा म्हणत नाही.

आपल्या कामाचा भाग त्याच निकालात आहे. मूळ यंत्रच न्यायालयात आणता येत असेल आणि त्याचा मालक साक्षीला उभा राहून ‘हे माझे, यातच हे नोंदले गेले’ असे सिद्ध करत असेल, तर प्रमाणपत्राची गरज नाही. यंत्र एखाद्या मोठ्या संगणक व्यवस्थेचा किंवा जाळ्याचा भाग असेल आणि ते उचलून आणणे शक्य नसेल, तर प्रमाणपत्राला पर्याय नाही. न्यायालयापुढे तेव्हा क्लाउड कॅमेऱ्यांचा प्रश्न नव्हता, तरी रेषा तिथेच पडते. सोसायटीचा डीव्हीआर पिशवीत घालून न्यायालयात नेता येतो. क्लाउडवरचे रेकॉर्डिंग कुठल्या इमारतीतल्या कुठल्या डिस्कवर आहे हे कंपनीच्या अभियंत्यालाही चटकन सांगता येणार नाही.

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्याच्या कलम ६३ मधले प्रमाणपत्र दोन भागांचे आहे. एक भाग यंत्राची जबाबदारी असलेल्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि नोंदीची हॅश संख्याही लिहायची. फाइलचा एक बिट बदलला तरी ही संख्या बदलते. म्हणजे कुणी मोबाइल पडद्यासमोर धरून काढलेला व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरवला तर त्याची मूळ फाइलशी गाठ बसणार नाही. चांगल्या क्लाउड सेवेत फाइल उतरवतानाच हॅश मिळते, कुणी कधी पाहिली-उतरवली याची नोंदही मिळते. बहुतेक स्वस्त डीव्हीआरमध्ये यातले काही नसते. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने कुणा एकाचे पारडे जड आहे असे मला वाटत नाही. मात्र क्लाउड घ्यायचे तर ‘प्रमाणपत्र कोण देणार, किती दिवसांत देणार’ हे करारात लिहून घेतले पाहिजे. कंपनीचे कार्यालय सिंगापूरला असेल आणि तिचा इथला माणूस फक्त विक्री पाहत असेल, तर सही करणारा कुणी नाही.

फुटेज असूनही पुढे न येणे हे किती महागात पडते, याचे उदाहरण वाराणसीतल्या एका हॉटेलचे आहे. २०१० मध्ये एका इटालियन पर्यटकाच्या मृत्यूबद्दल त्याच्या दोन सहप्रवाशांना जन्मठेप झाली होती. हॉटेलात कॅमेरे होते, फुटेज पाहिले गेले होते, पण न्यायालयापुढे ते आलेच नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा दोष गंभीर मानला आणि दोघांची सुटका केली.

राहिला प्रश्न दिवसांचा. तो वाटतो तितका सोपा नाही, कारण किती दिवस ठेवायचे हे कधीकधी नंतर ठरते. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर रिझर्व्ह बँकेने बँकांना ८ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर या काळातले शाखांमधले फुटेज पुढील आदेशापर्यंत जपायला सांगितले. जून २०२१ मध्ये त्याचीच पुन्हा आठवण करून दिली. साडेचार वर्षांपूर्वीचे ते ५३ दिवस, देशभरच्या शाखांमधल्या डीव्हीआरवरचे, ज्यांचे काम मुळात जुने पुसून नवे लिहिण्याचे. डिस्का काढून कपाटात ठेवण्यावाचून अनेकांना मार्ग नव्हता. अशा वेळी क्लाउडमध्ये एक खूण करून काम भागते. उलट पोलीस ठाण्यांचे उदाहरण घ्या. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रीकरण आणि शक्यतो १८ महिन्यांची, नाहीतर किमान एक वर्षाची साठवणूक सांगितली. आपल्याच हिशेबाने १६ कॅमेऱ्यांचे १८ महिने म्हणजे सुमारे १८७ टेराबाइट, तेही एका ठाण्याचे. हे भाड्याच्या जागेत ठेवणे कुठल्याही राज्याला परवडणारे नाही. वीज किंवा इंटरनेट नसलेल्या ठाण्यांचा उल्लेख तर त्या आदेशातच आहे.

माझे मत विचाराल तर, चाळीस दुकाने असलेल्या आणि प्रत्येक दुकानात दोन-तीनच कॅमेरे असलेल्या औषधविक्रेत्याने डोळे झाकून क्लाउड घ्यावा. चाळीस डीव्हीआरची देखभाल त्याला झेपणार नाही. दोनशे कॅमेऱ्यांच्या कारखान्याने आपली सर्व्हर खोली करावी आणि तिला माणूस ठेवावा. सराफाला दोन्ही हवे, आणि त्याला ते परवडते. आपल्या पुण्याच्या सोसायटीने सोळाही कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग जागेवर ठेवावे, डबा कुलूपबंद कपाटात वर टांगावा, त्याला आणि राउटरला यूपीएस द्यावा. क्लाउडवर फक्त तीन कॅमेरे पाठवावेत: गेट, लिफ्टसमोरची जागा आणि त्या कपाटाकडे पाहणारा. कॅमेरे ओएनव्हीआयएफ हे सामायिक मानक पाळणारे घ्यावेत, म्हणजे उद्या डबा किंवा सेवा बदलली तरी कॅमेरे बदलावे लागत नाहीत.

विकणारा कोणताही असो, पैसे देण्याआधी त्याच्या एखाद्या जुन्या ग्राहकाकडे जाऊन एक मागणी करावी. वीस दिवसांपूर्वीची, पहाटे अडीचची, सात नंबरच्या कॅमेऱ्याची पाच मिनिटे आत्ता पेन ड्राइव्हवर काढून दाखवा. रेकॉर्डिंग आहे की नाही, वेळ बरोबर आहे की नाही, काढता कुणाला येते, पासवर्ड कुणाला ठाऊक आहे, हे चहा येईपर्यंत कळते. बहुतेक ठिकाणी गाडी शेवटच्या प्रश्नावर अडते. ॲपचे मूळ खाते बसवणाऱ्या मुलाच्या मोबाइल नंबरवर उघडलेले असते, पासवर्ड विसरला की ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि त्याने दोन वर्षांपूर्वी तो धंदा सोडलेला असतो. खाते पुन्हा सोसायटीच्या नावावर करून द्यायला कंपनी यंत्राचा अनुक्रमांक आणि खरेदीचे बिल मागते. अनुक्रमांक डब्याखाली चिकटवलेला असतो. बिल आधीच्या सेक्रेटरींच्या घरी असते.